बाबांची हरकत

माझ्या सासऱ्यांची जीभ लहानपणापासून अडखळते. घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण त्यांचं वाक्य अडलं की सासूबाई ते पुरं करतात. बाबा "आज भा... भा..." म्हणाले की त्या म्हणणार, "टाकतेच आहे भाकरी." त्यांना खरं तर भाजी आणायला जाऊ का असं विचारायचं असतं. पण ते हसतात आणि मुकाट्यानं भाकरी खायला बसतात.

पिंपरीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. युनियनच्या सभेत ते कधी बोलले नाहीत. आमच्या लग्नात व्याह्यांचे आभार मानायलाही सासूबाईच उभ्या राहिल्या होत्या.

एका सकाळी पेपर वाचता वाचता बाबांनी मला हाक मारली आणि एका जाहिरातीवर बोट ठेवलं. वीज कंपनीनं दर वाढवून मागितले होते. ग्राहकांनी वीज नियामक आयोगाकडे लेखी हरकती पाठवाव्यात, सुनावणीत बोलायचं असेल तर तसं कळवावं, असं बारीक अक्षरात छापलं होतं.

"आपण लि... लिहू या," बाबा म्हणाले.

कंपनीचा प्रस्ताव मी कॉम्प्युटरवर उघडून दिला. पुढचे कित्येक दिवस बाबा दुपारची झोप सोडून तो वाचत होते. अडलेला शब्द ते मला विचारायचे, मलाही माहीत नसायचा, मग आम्ही दोघं मिळून शोधायचो. शाळेत शिकवून दमून आले तरी त्या तासाची मी वाट बघायला लागले होते. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. युनिटचा दर तर वाढणार होताच, पण एकही दिवा न लावता जो भरावा लागतो, तो स्थिर आकारही वाढणार होता.

आमच्या खाली राहणारे दादा मूळचे इथलेच, रहाटणीचे. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्याच शेतावर. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काका, आपल्या लिवण्यानं काय व्हतंय? त्यांचं आधीच ठरल्यालं असतंय."

"मग तु... तुमची जमीन रस्त्यासाठी घेत होते, तेव्हा तुम्ही का हरकत घेतली होती?" बाबांनी विचारलं.

दादा खो खो हसले. "घ्या, आमालाच पकडलं! आना कागद."

इमारतीतल्या लोकांना एकच मजकूर हवा होता, खाली सगळ्यांच्या सह्या. बाबांनी ऐकलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरचं लिहायचं, असा त्यांचा हट्ट. मी घरोघर फिरले. दादांनी उन्हाळ्यात सारखी जाणारी वीज लिहिली. वरच्या मजल्यावर परभणीकडची दोन मुलं राहतात, चाकणला कामाला जातात. रात्रपाळी करून दिवसा झोपायचं तर पंखा लागतोच, असं त्यांनी लिहिलं. बाबांनी आपल्या हरकतीखाली एक जास्तीची ओळ घातली: मला समक्ष बोलायचे आहे.

सासूबाईंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, तिथं माईक असतो. मी बोलते ना तुमच्यासाठी."

"नको," बाबा म्हणाले. हा शब्द अडला नाही.

सुनावणी पुण्यात होती. मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही तिघं आणि दादा मेट्रोनं गेलो. सासूबाईंनी बाबांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वाटेत त्यांनी बाबांच्या हरकतीचा कागद तीनदा उघडून वाचला. सभागृह भरलेलं होतं. कुणी चिडून बोललं, कुणी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे बोट दाखवून ओरडलं. मग बाबांचं नाव पुकारलं.

ते माईकपाशी गेले, नमस्कार केला आणि पहिल्याच शब्दाला अडले. "स्थि... स्थि... स्थि..."

मागून कुणीतरी हसलं. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, त्यांचे ओठ हलत होते. बाबांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि हातानं थांब अशी खूण केली. त्या बसल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"सावकाश बोला," समोरून आयोगाचे साहेब म्हणाले. "आम्ही ऐकतोय."

"स्थिर आकार सगळ्यांना स... सारखा वाढतो," बाबा बोलू लागले. "मग ज्याची वीज कमी, त्याचंच बिल जास्त प्र... प्रमाणात वाढतं. आमच्या वरची मुलं एक पंखा, एक दिवा लावतात. काटकसर करून त्यांना काय मि... मिळालं? आधी तुमची विजेची ग... गळती थांबवा. मग आमच्या दारात या."

इतकंच बोलायला त्यांना इतरांपेक्षा बराच वेळ लागला. पण एकदा ते हसू थांबल्यावर सभागृहात कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलं, "याचं उत्तर काय?" अधिकारी म्हणाला, लेखी देऊ.

बाबा परत येऊन बसले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. सासूबाईंनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं, भर सभागृहात. बाबा लाजले.

काही महिन्यांनी निकाल आला. दर वाढले, स्थिर आकारही वाढला, मात्र कंपनीनं मागितला होता तेवढा नाही. तो आमच्यामुळे कमी झाला असं मी म्हणणार नाही, हरकती ढिगानं होत्या. सासूबाईंनी मात्र त्या दिवशी पुरणाचा घाट घातला आणि वरच्या दोन्ही मुलांना जेवायला बोलावलं.

पुढच्या उन्हाळ्यात वीज पुन्हा सारखी जायला लागली. दादा एका सकाळी वर आले आणि दारातूनच म्हणाले, "काका, लायटीच्या हापिसात जायचंय. तुमी चला आन् तुमीच बोला. आमचं डोस्कं तापतं, मग समोरचा बी तापतो. तुमचं लोक थांबून ऐकत्यात."

बाबांनी अर्धा चहा तसाच टाकला, चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरून गेले.