मेलेल्या दादानं सोडलेला हुकूम

परवा नातीनं मला भुताचा पिक्चर दाखवला. मूल गेलेली एक बाई त्याच्याशी बोलता यावं म्हणून कुणाकुणाला घरी आणून बसवते... मग घरभर अंधार, दारं आपटतात, बाई किंचाळते. नात माझा दंड घट्ट धरून बसलेली आणि मला हसू यायला लागलं.

आमच्या घरी मेलेला माणूस भर दुपारी आला होता. बाहेर म्हशी रवंथ करत होत्या.

ते लढाईचे दिवस. साताऱ्याकडचं आमचं गाव, घराआड एक पोरगा लामावर, म्हणजे लढाईला गेलेला. माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशात गेला आणि तिकडंच संपला. तार आली तेवढीच... प्रेत नाही, राख नाही, डोक्यावरची टोपीसुद्धा नाही.

आमच्यात माणूस जिथं जातो तिथं पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर बांबूची पाटी पालथी घालतात. नंतर पाटी उचलून पिठावर कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे कुठल्या जन्माला गेला ते कळतं. आता ब्रह्मदेशात जाऊन पीठ कोण पसरणार? आईनं तेच मनाला लावून घेतलं. जेवण सोडलं.

वहिनी जेमतेम सतराची. तिचा संसार झाला तो दादाच्या सुट्टीपुरता. तिचा बाप सांगलीकडनं बैलगाडी घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आवं, पोर लहान हाय. तिचा दुसऱ्या घरी पाट लावून देतो. तुमीबी नगं म्हनू नका."

आई म्हणाली, "माज्या पोराला इच्यारल्याबिगर मी काय सांगायची न्हाई."

आतल्या खोलीत वहिनीनं लुगड्यांचं गाठोडं आधीच बांधून ठेवलेलं. मी बघितलं होतं. परकरातल्या पोरीला कोण हिशेबात धरतं... मला सगळं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी आईनं म्हसवडच्या वाटेवरच्या एका देवऋषिणीला बोलावून आणलं. सोप्यात पीठ पसरलं, दिवा ठेवला, पाटी घातली. बाई घुमायला लागली आणि मग बाप्याच्या आवाजात म्हणाली, "आये, आलो गं मी."

आई तिच्या पायावर पडली. "कुठं हायस रं माज्या राजा? जेवलास का?"

मेलेल्याला जेवलास का म्हणून विचारणारी माझी आई... तेवढ्यापुरतं मलाही रडू आलं.

मग दादानं हुकूम सोडला. "माजी बायकू ह्या घरातनं हलवू नगा. तिनं दुसरं घर केलं तर मला गती न्हाई. मी हितंच घोटाळत ऱ्हाईन."

आता आमचा दादा बोलताना जन्माचा अडखळणारा. नुसतं 'आये' म्हणायला त्याला दोनदा दम घ्यावा लागायचा. आणि इथं पाटलासारखं धडाधड चाललेलं. मी मोठ्यानं म्हणाले, "आये, दादा अडखळत कसा न्हाई?"

आईनं थोबाडात दिली. "मेल्यावर सुटतंय मानूस त्यातनं!"

कोपऱ्यातनं वहिनी हळूच म्हणाली, "माज्यासंगं तर जित्तेपनी एवढं कवा बोललं न्हाईत."

ऐकलं सगळ्यांनी.

पाटी उचलली. आईला पिठावर बुटाचा ठसा दिसला, शेजारणीला मांजराचं पाऊल. मला तर मुंगळा चालून गेल्यासारखं वाटलं, पण एक गाल आधीच लाल झालेला, म्हणून गप्प बसले.

वहिनीच्या बापाचा ह्या सगळ्यावर विश्वास, हीच खरी पंचाईत. बैल जुंपताना तो लेकीला म्हणाला, "बाय, त्येला गती मिळू दे. ऱ्हा हितंच." गाडी गेली तशी वहिनीनं गाठोडं सोडलं आणि लुगडी परत दांडीवर टाकली.

त्या बाईला कुणी पढवलं होतं का, मला माहीत नाही. दारात माहेरची गाडी, घरात म्हशी, रानात ऊस आणि राबायला एकच तरणी सून... एवढं दिसायला अंगात यावं लागत नाही. आई लबाड नव्हती. तिला पोरगा पाहिजे होता आणि तो त्याच बोलीवर मिळत होता. म्हणून तिला माफ करायचं, असं लोक म्हणतात. मी नाही केलं.

त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली. भाकरी वहिनीनं थापल्या. पुढं म्हातारी होऊन हात थरथरायला लागेपर्यंत त्याच चुलीवर थापत राहिली...

दादा गरीब होता बिचारा. जिवंतपणी त्यानं कुणाला तांब्याभर पाणी आण म्हणून सांगितलं नाही. मेल्यावर त्याच्या तोंडी हुकूम घालून एका पोरीचा जन्म अडकवला, हा राग माझा अजून गेला नाही. जाऊही नये.