खंडेनवमीचा नारळ

"पोरींनो, कुणाला अडचण हाय का? आत्ताच सांगा. मशीनची पूजा हाय."

सुपरवायजर विचारत हुता. सगळ्या गड्यांसमोर, मोठ्यानं. उचगावच्या पल्याड आमचा कारखाना. खंडेनवमीची सकाळ, मशीनं धुऊन हार घातलेली. आम्ही तिघी बायका. दोघींनी मान हलवली, न्हाय म्हणून. मी मशीनचा हार सारखा करत ऱ्हायले.

तर ऑफिसातली मॅडम हसत म्हणाली, "हिची चालू हाय की. काल त्यापायीच लवकर घरी गेलती."

पोटात कळा येत हुत्या, म्हणून मी तिला एकटीला गाठून सांगितलेलं. बाई हाय, समजंल, म्हणून. तिनं ते चारचौघांत उधळलं. मागं कोणतरी फिसकन हसलं. लई लाज वाटली मला. आता त्या लाजंचाच राग येतो.

आमच्या कारखान्यात पद्धत हाय. खंडेनवमीला मशीनपुढं जो नारळ फोडंल, वर्षभर मशीन त्याचं. लेथ मशीन शिकल्यापासनं माझ्या लेथपुढं नारळ मीच फोडत आले. यंदा सुपरवायजरनं त्यो आपल्या मेव्हण्याच्या हातात दिला. नवा गडी, त्याला धड टूल बांधता येत न्हाय. आणि मला म्हणाला, दसरा झाला की पॅकिंगला बस.

माझं टकुरं सटकलं. दर म्हैन्याला पाळीतबी मी त्या लेथवर उभी ऱ्हायले. पोट आवळून माल काढला. तवा कुणाला विटाळ झाला न्हाय. गाडी भरून माल गेला, तवाबी न्हाय. हार घातला आणि झाला व्हय?

मी मेव्हण्याच्या हातनं नारळ काढून घेतला.

"पाळी माझी हाय. लेथबी माझंच हाय."

फोडला. खोबरं कुणी घेतलं न्हाय. त्या दोघींनीबी न्हाय. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मालकानं केबिनमध्ये बोलावलं. माफी माग म्हणाला, विषय मिटव. मी विचारलं, माझ्या अंगाची गोष्ट चव्हाट्यावर मांडली, त्याची माफी कोण मागणार? त्यो फोन बघत बसला.

आज दसरा. घरात सोनं वाटणं चाललंय, आई म्हणतीया गप ऱ्हा, नोकरी जाईल. जाऊ दे. लेबर ऑफिस उघडलं की तक्रार देणार, सुपरवायजरचं आणि मॅडमचं नाव घालून. पॅकिंगला बसणार न्हाय. उद्या सकाळी लेथ मीच चालू करणार. आत घेतलं न्हाय तर गेटवर उभी ऱ्हाणार. का उभी हायस म्हणून कुणी विचारलं, तर सांगणार. सुपरवायजरनं विचारलं हुतं तेवढ्याच मोठ्यानं.