ज्वारीचा पिझ्झा आणि आमची स्टाफरूम

शाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर बसतच जातात. रिटायर झाल्यावर मी झटकायला घेतले, तर सगळ्यात जाड थर निघाला एका पिझ्झ्याचा. माहेरी गेले की चहाचं आधण ठेवायच्या आधीच भावजया म्हणतात, "ताई, ते पिझ्झ्याचं सांगा ना." तर सांगते.

सेनगावच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचे. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. घरोघरी केबल आली होती, पण पिझ्झा अजून टीव्हीतून बाहेर पडला नव्हता. आमची स्टाफरूम म्हणजे एक लांब टेबल आणि त्याभोवती चौघं जण. गणिताच्या राठोड बाई, विज्ञानाचे शेख सर, पी.टी.चे कदम सर आणि मी. शेजारच्या खोलीत हेडमास्तर घुगे सर. मधली भिंत इतकी पातळ की आम्ही हळू बोललो की त्यांना जास्त स्पष्ट ऐकू जायचं.

राठोड बाईंची पिंकी तेव्हा चौथीत. तिला कावीळ झाली. कावीळ गेली, पण जाताना पोरीची भूक घेऊन गेली. वरणभात पुढे आला की तोंड फिरवायची. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, "मैदा नको, तेलकट नको, बाहेरचं तर काहीच नको. बाकी ती मागेल ते द्या."

पिंकीनं पिझ्झा मागितला.

बाईंनी स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा कदम सर सोडून आम्ही कुणी तो टीव्हीबाहेर पाहिलाही नव्हता. सरांनी एकदा औरंगाबादला मेहुण्याकडे खाल्ला होता.

"कसा असतो?" बाईंनी विचारलं.

"वातड भाकर. वर टमाट्याची चटणी. आन् त्याच्यावर डिंक."

"डिंक?"

"तसंच काहीतरी. तोंडातून निघतच न्हाई."

"मग खाल्ला काहून?"

कदम सर म्हणाले, "मेहुणा दारात उभा होता."

*

पिंकीचा वाढदिवस जवळ आला होता. बाई म्हणाल्या, "एकटीला देऊन ती खाणार न्हाई. चार लेकरं खाताना दिसली तर खाईल. तुमी सगळे या, लेकरं घेऊन या." आणि तिथेच घोळ झाला, कारण खाण्याच्या बाबतीत आमच्या स्टाफइतकी नखरेल मंडळी जिल्ह्यात नसतील.

घुगे सरांना शुगर, त्यामुळे बटाटा बंद, आणि ढोबळी मिरचीचा वास आला तरी ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे. कदम सरांना हिरव्या मिरचीशिवाय घास उतरायचा नाही, शेख सरांना मिरचीनं ठसका लागायचा. शेख सरांची मुलगी फक्त पांढरं खायची, म्हणजे भात, दूध, साखर आणि खोबरं. माझा मन्या पोह्यातली मोहरी वेचून ताटाच्या काठावर रांगेत लावायचा.

राठोड बाईंनी शाळेतल्या फळ्यावर निमंत्रण लिहिलं. 'पिंकीच्या वाढदिवसानिमित्त पिझ्झा.' घुगे सर बाहेर आले, चष्मा वर करून वाचलं आणि मला विचारलं, "मराठीच्या बाई, हे पिझ्झा की पिझा?"

मी म्हटलं, "सर, दोन्ही लिहितात."

"शेख सर तर पिज्जा म्हणून राहिले."

"तेही चालतं."

सरांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "ज्याचं शुद्धलेखन ठरलेलं नाही ते मी खात नसतो." आणि आत गेले.

*

चीज आणायचं काम शेख सरांकडे आलं, कारण त्यांना हिंगोलीला दर आठवड्याला जावं लागायचं आणि तिथले सगळे दुकानदार त्यांच्या ओळखीचे. पहिल्या दुकानात गेले.

"सेठ, चीज है?"

"बहोत चीजां हैं मास्टर. आपको कौनसी होना?"

"चीज होना."

"वहीच पूछ रहा हूँ. कौनसी?"

दुसऱ्या दुकानात तेच झालं. तिसऱ्या दुकानात सरांनी जरा आवाज चढवला, "अरे भाई, सिर्फ चीज. चीज ही चीज का नाम है." दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

चौथा दुकानदार म्हातारा होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सरांना स्टुलावर बसवलं. पाण्याचा ग्लास हातात दिला आणि हळूच विचारलं, "मास्टर, घर में सब खैरियत है ना?"

शेख सर रिकाम्या हातानं परत आले. मग राठोड बाईंनी पुसेगावहून दूध मागवलं, त्याची साय काढली, लिंबू पिळून पनीर केलं. डॉक्टरांना विचारलं तर ते खूश झाले. "हे तर चीजपेक्षा चांगलं," म्हणाले.

*

मैदा नाही म्हटल्यावर ज्वारी. आमच्याकडे दुसरं काय असणार? पण ज्वारीचं पीठ भाकरीला ऐकतं, पिझ्झ्याला ऐकत नाही. जाड केलं की मधे कच्चं राहायचं, पातळ केलं की उचलताना तुटायचं. त्यात गव्हाचं पीठ आणि दही घातल्यावर ते जरा माणसात आलं. प्रश्न राहिला भाजायचा. ओव्हन कुणाकडेच नव्हता.

शेख सर म्हणाले, "वाळू तापवू. वर तिवई, तिवईवर ताटली, वरून झाकण." तिवई प्रयोगशाळेत होती. वाळू शाळेच्या बांधकामाची होती. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर पहिला पिझ्झा आम्ही प्रयोगशाळेतच लावला.

छान वास सुटला. आम्ही चौघं झाकणाभोवती उभे, आणि दारात घुगे सर. त्यांच्या मागे तपासणीला आलेले विस्तार अधिकारी. हे साहेब न कळवता यायचे आणि आले की पहिल्यांदा प्रयोगशाळा बघायचे. घुगे सरांचा चेहरा ज्वारीच्या पिठासारखा झाला.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

शेख सरांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "उष्णतेचं वहन, साहेब. वाळू उष्णता हळू घेते आणि हळू सोडते."

"विद्यार्थी कुठे आहेत?"

"आधी शिक्षकांनी करून बघायचा, मग विद्यार्थ्यांना दाखवायचा."

साहेबांनी स्वतः झाकण उचललं. आत बघितलं. खिशातून रुमाल काढून हात पुसले, एक तुकडा मोडला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग दुसरा मोडला.

जाताना ते शेख सरांना म्हणाले, "प्रयोग चांगला आहे. निष्कर्षात मीठ कमी पडलं."

*

चटणीचं काम माझ्याकडे होतं. टोमॅटो, लसूण आणि त्यात लपवलेलं गाजर, दुधी, मूठभर पालक. सगळं उकडून, वाटून, गाळून इतकं एकजीव केलं की मलाच दुधी सापडेना. आधी मन्यावर प्रयोग करायचा ठरवला. त्याला फसवलं की जग फसवलं.

पोळीला लावून दिली. त्यानं एक घास खाल्ला आणि थांबला.

"ह्याच्यात काय लपवलंय?"

"काही नाही. टमाटे आहेत."

"मग तू माझ्या तोंडाकडं काहून पाहून राहिली?"

*

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही दुपारपासून राठोड बाईंच्या अंगणात. बाईंच्या सासूबाई तांड्यावरून आल्या होत्या. ओसरीवर बसून त्या सगळं बघत होत्या. वाळूची कढई बघून म्हणाल्या, "शेंगा भाजून राहिले का?" पिझ्झा बघून म्हणाल्या, "भाकरीवर भाजी आधीच काहून टाकली? ज्याला पाह्यजे तो घेईन ना." मी हे असलं खाणार नाही, मला दात नाहीत, हेही त्यांनी आल्या आल्या जाहीर करून ठेवलं होतं.

मागण्या सुरू झाल्या. एका फोडीत मिरची, एकीत मिरची नको. एकीत ढोबळी नको, एकीत कांदा नको, एकीवर फक्त पनीर, लाल अजिबात दिसू नये. राठोड बाई गणिताच्या. त्यांनी प्रत्येक पिझ्झ्यावर सुरीनं रेघा आखल्या आणि ज्याची मागणी त्याच्या वाट्याला टाकली. तरी कदम सर म्हणाले, "बाई, माझी मिरची शेख सरांच्या हद्दीत गेली."

घुगे सर, जे खाणार नव्हते आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, ते म्हणाले, "परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हासुद्धा एवढ्या मागण्या नव्हत्या."

*

दिवेलागणीला पिंकी नवा फ्रॉक घालून ओसरीवर दादीशेजारी बसली होती. बाईंनी पहिली फोड तिच्या ताटलीत ठेवली. लेकरं, मोठी माणसं, सगळे बघत होते. पिंकीनं फोड उचलली, दोन्ही हातांनी मोडली आणि मधल्या जागेकडे बघत राहिली.

"ह्याच्यात तार येत न्हाई," ती म्हणाली. "टीव्हीत तार येते. हा पिझ्झा न्हाई."

तिनं दोन्ही तुकडे परत ठेवले आणि ताटली बाजूला सरकवली.

खरं होतं. पनीरला कुठून तार येणार? बाई आत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर तोंडावर धरलेला. मला म्हणाल्या, "तिचं वजन काल परत कमी भरलं. मी आता काय करू, तुमीच सांगा." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर शेख सर लेकरांना काहीतरी विनोद सांगत होते आणि कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. रोजचंच होतं, वेळ तेवढी चुकीची होती. आम्ही अंधारातच चाचपडत ओसरीवर आलो.

मंडळी थांबलेली नव्हती. हाताला येईल ती फोड उचलून सगळे खात होते.

"माझ्यात मिरचीच न्हाई," कदम सरांचा आवाज आला.

पलीकडून शेख सर खोकत म्हणाले, "कशी असेल? ती इकडं आलीय."

घुगे सरांच्या बाजूनं नुसताच चावण्याचा आवाज येत होता.

मग सासूबाईंचा आवाज आला, एकदम बारीक. "पिंके, तुला नको ना? आण इकडं."

"तू तर खात न्हाईस."

"अंधारात कोण पाहून राहिलं?"

मग चावण्याचा आवाज. मग पिंकी, "दादी, मोठा तू घेतला."

"दात न्हाई मला. मी काय खाणार?"

"मग सोड ना. माझा वाढदिवस हाये."

ताटली फरशीवर घासली. काहीतरी ओढाओढ झाली. राठोड बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. कुणी काडी ओढली नाही, कुणी कंदील मागितला नाही. कदम सरांनी टॉर्चकडे हात नेला असावा, कारण घुगे सर हळूच म्हणाले, "खबरदार."

लाइट आली. ताटली स्वच्छ होती.

"कुणी खाल्लं?" बाईंनी विचारलं.

"दादीनं," पिंकी म्हणाली.

"मी कशाला? पोरीनं खाल्लं," सासूबाई म्हणाल्या.

दोघींच्या हनुवटीला चटणी लागलेली होती.

राठोड बाईंनी दुसरी फोड आणून ताटलीत ठेवली, भिंतीपाशी गेल्या आणि दिव्याचं बटण बंद केलं.