चार बोटे सावली

गेल्या रविवारी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, भर दुपारी, चारचौघांच्या देखत सूर्याने माझा विश्वासघात केला. तक्रार कुणाकडे नोंदवावी, हे अद्याप ठरलेले नाही...

आमच्या दाराशी एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली नरसम्मा गेली अठरा वर्षे इस्त्रीचे टेबल मांडतात. अवघ्या गल्लीची इभ्रत त्यांच्या कोळशाच्या इस्त्रीखालून जाते. गल्लीच्या पलीकडे, बरोबर दक्षिणेस, मल्लिनाथअण्णांचे दुमजली घर. यंदा अण्णांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवले आणि अपेक्षेइतकी वीज काही येईना.

दोषी तत्काळ निश्चित झाला... कडुनिंब! महापालिकेत द्यायचा वृक्षतोडीचा अर्ज अण्णांनी तयार केला. झाड माझ्या दारात, म्हणून त्यावर माझी संमतीची सही हवी. सही झाली की झाड जाणार, आणि झाड गेले की नरसम्मांचे कामही. मे महिन्याच्या सोलापुरात, उघड्यावर, निखाऱ्यांच्या इस्त्रीशेजारी दिवसभर कोण उभे राहील?

मी अर्थातच बाणेदार नकार दिला. नुसता नकार देणे माझ्या प्रकृतीस मानवत नाही, म्हणून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवेदनही प्रसृत केले: ‘आपण उत्तर गोलार्धाचे रहिवासी आहोत. मध्यान्हीचा सूर्य सदैव दक्षिणेस असतो. तस्मात् छाया सदैव उत्तरेस, म्हणजे माझ्याच घराकडे पडते. अण्णांच्या दिशेने तिचे पदार्पण भूगोलास सर्वथा अमान्य आहे.’ तीन अंगठे आले. त्यातला एक पत्नीचा होता. तोही तिने मागाहून काढून घेतला.

रविवारी अण्णा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात अर्ज घेऊनच आले. "चला की पंडित, तुमचा भूगोल बघू."

सोलापूरची मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, वीस-पंचवीस मिनिटे उशिरा होते, असे मी गंभीरपणे बजावले. त्या दिवशी मी उच्चारलेले एवढे एकच विधान पुढे खरे ठरले. आम्ही थांबलो... वर ऊन, भोवती अर्धी गल्ली. वेळ होताच अण्णांनी काठी रस्त्यात सरळ उभी धरली.

सावली पडली. अवघी चार बोटे... पण दक्षिणेकडे. अण्णांच्या घराकडे!

"नोड्री पंडित, नोड्री! बघा की!" आनंदाच्या भरात अण्णा कन्नडात शिरले. "सूर्य कुटं हाय? तुमच्या घराकडं! आता करा सही."

कर्कवृत्त आपल्या उत्तरेस आहे. तिकडे जाताना सूर्य मे महिन्यातच सोलापूरला ओलांडतो आणि ऑगस्ट लागेपर्यंत इथली मध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते... हे मला नववीत शिकवले होते. मी ते परीक्षेपुरते शिकलो होतो.

तेवढ्यात नरसम्मांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"ह्यात नवीन काय हाय, अण्णा? दरसाल ह्या दिवसांत सावली रस्त्याकडं येते. म्हणून तर मी टेबल बुंध्याच्या हिकडं घेते की. श्रावणात पुन्हा सायबांच्या पायरीकडं." मग त्यांनी काठीकडे बोट दाखवले. "पन काठीची चार बोटं, तर झाडाची लई झाली तर दोन हात. ती काय गल्ली वलांडून तुमच्या गच्चीवर चढनार? परवा कपडे द्यायला वर आलते, तवा बघितलं. तुमच्या काचंवर सावली न्हाय, धूळ हाय धूळ."

सर्व विद्वत्सभा गच्चीवर गेली. झाडाची सावली खाली रस्त्यात, स्वतःच्याच पायाशी अंग चोरून बसली होती. अण्णांनी पॅनेलवर बोट फिरवले... उन्हाळाभराच्या धुळीतून लखलखीत रेघ उमटली.

"धूळ बी हाय," अण्णा म्हणाले. "पन पाला बी पडतोच की. सही करून टाका, पंडित."

नरसम्मा कठड्याला टेकून शांतपणे म्हणाल्या, "झाडाच्या आधी मला उचला, अण्णा. इस्त्रीसकट. गरम हाय, जरा सांभाळून."

अठरा वर्षे माझ्या दारात एक बाई टेबल सरकवून सूर्याचे येणे-जाणे मोजत होती, आणि मी तिला फक्त शर्ट देत होतो! ग्रुपवरचे निवेदन मी तिथेच, सर्वांसमक्ष मागे घेतले. नकार मात्र मागे घेतला नाही. अण्णांच्या हातून अर्ज घेतला आणि संमतीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘असहमत. माझा भूगोल चुकला आहे, नकार चुकलेला नाही.’

खाली ‘कारण’ असा रकाना होता. तो भरण्याची पात्रता माझी नव्हे, म्हणून पेन नरसम्मांना दिले.

"मला मराठी लिवता येत न्हाय. तेलुगू चालंल?"

"धावेल," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश, गोल गोल अक्षरांत एक ओळ लिहिली. अण्णांना ती वाचता येईना, मलाही येईना. काय लिहिले, म्हणून विचारले.

"सावली माझी हाय, असं."

अण्णांनी अर्ज महापालिकेत खुशाल द्यावा... तेलुगू वाचून दाखवणारा माणूस मी स्वखर्चाने रिक्षात बसवून पाठवीन.