दोन पूल आणि एक पेटी हापूस

मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन दोन वर्षं झाली, कॅनडा तासाभरावर, आणि मी अजून पूल ओलांडला नव्हता! मला पुलांचं वेड आहे यार, म्हणजे ही लाजच. मेमधल्या एका शनिवारी ठरवलं: डेट्रॉइटच्या पुलावरून जायचं आणि पोर्ट ह्युरॉनच्या पुलावरून परत.

सोबत सुलभाकाकू. माझी कलीग मुग्धा, तिची आई, चिपळूणहून आलेली. मुग्धाला सातवा महिना आणि डोहाळे हापूसचे! इथल्या दुकानातली प्रीऑर्डर संपलेली. पुलापलीकडे कॅनडातल्या विंडसरला हापूस मिळतो कळल्यावर काकू म्हणाल्या, "मी येते. एक पेटी आणू." मुग्धाला येता येईना. तिचा व्हिसा एक्स्पायर झालेला, वकिलाने देश सोडू नकोस म्हणून सांगितलेलं.

डेट्रॉइटचा पूल! केबल्स अशा वर झेपावतात की मी चक्क ओरडलो.

"पुढे बघ रे बाबा, पूल नंतर बघ," काकू म्हणाल्या.

पासपोर्ट, कॅनडाचा व्हिसा, चार प्रश्न, झालं. दोन्ही पुलांचा टोल मिळून वीस डॉलरच्या आत.

विंडसरला पेटी घेतली. पैसे दिल्यावर काउंटरवरचे अंकल म्हणाले, "यूएस जा रहे हो? ये उधर अलाउड नहीं है।"

मी पुलांच्या केबल्सपर्यंत सगळं गूगल केलेलं, आणि हे नाही!

काकू हळूच म्हणाल्या, "एकच नेऊ. थर्मासमध्ये. कोण बघतंय?"

"काकू, खोटं पकडलं गेलं तर माझा व्हिसा जाईल. तुमचापण."

त्यांनी थर्मास परत पिशवीत ठेवला. पुढे पोर्ट ह्युरॉनच्या समोरच्या सार्नियापर्यंत दोन तास सपाट शेतं, आणि गाडीत हापूसचा घमघमाट. मध्ये गॅस भरायला थांबलो तेव्हा मुग्धाला फोन केला: "नवऱ्याला सांग, तुला पोर्ट ह्युरॉनला घेऊन यायला. पुलाखाली, नदीवर."

सार्नियाच्या बाजूला पुलाखाली मस्त बाकं आहेत, ट्रकवरचे गरम फ्राइज मस्ट! नदी तिथे इतकी अरुंद की समोरचा माणूस हात हलवताना दिसतो. अमेरिकेच्या काठावरून मुग्धा हलवत होती. काकूंनी आंबा उंच धरला. फोन स्पीकरवर.

"आई, तूच खा."

"डोहाळे तुझे, आणि खाऊ मी?"

"नातवंड तुझंच ना? खा गं!"

काकू हसल्या, आणि आंबा चोखायला लागल्या. मी तीन संपवले. बाकीचे शेजारच्या बाकावरच्या फॅमिलीला देऊन टाकले, साली कचऱ्यात.

"आई, हात धुवू नकोस हं," मुग्धा म्हणाली.

पुलावर ट्रकांची लाइन होती, अर्धा तास धरूनच चला. बूथवर ऑफिसरने विचारलं, "एनी फ्रूट?"

"नो सर."

मागून काकू: "ऑल फिनिश्ड! वी एट!"

तो हसला. "लकी यू."

पूल उतरल्यावर मुग्धाने आईचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. तिचा नवरा म्हणाला, "आता मलापण चान्स द्या!"

घरी येऊन मी मुग्धाला पुलांचे सगळे फोटो पाठवले. तिने एवढंच विचारलं, "वरून मी दिसत होते का रे?"

दिसत होतीस. लाल ठिपक्याएवढी. काकूंनी माझ्याआधी ओळखलं, आणि पूल संपेपर्यंत काचेला आंब्याचा हात लावून बसल्या होत्या. काच मी अजून पुसलेली नाही.