चिलखती क्रूझर आणि आईची रेघ
पेन्सिलीला टोक काढताना लाकडाचा वास आला, की मला पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. आई शाळेत चित्रकला शिकवायची. पक्षाघाताने तिचा उजवा हात लुळा पडला आणि तिने कागदाकडे बघणंच सोडलं. मला जुन्या युद्धनौकांचं वेड. त्या दुपारी मी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेल अशी, पण प्रत्यक्षात कुणीच न बांधलेली चिलखती क्रूझर, म्हणजे पोलादी कवचाची युद्धनौका, मनाने रचून कागदावर आखत होते. खिडकीतून मिठागरांकडचा खारट वारा येत होता. पलंगावरून आई अचानक म्हणाली, "एवढ्या तोफा लादतेयस, बुडेल ना गं ती!" "मग पाणी कुठपर्यंत येईल, तूच दाखव," म्हणत मी पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. बराच वेळ ती नुसती धरून बसली. मग तिने नौकेच्या पोटावरून रेघ ओढली, थरथरत, वरखाली होत. मला वाटलं, आता रडेल. पण रेघेकडे बघून ती हसली, "लाटा आहेत म्हण!" दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून कागद मागितला. आता दर रविवारी सोसायटीतली मुलं तिच्याकडे चित्रकला शिकायला येतात, आणि मला माझं टेबल त्यांच्यासाठी रिकामं करून द्यावं लागतं.