तुरुंगातला राब

नाशिकरोडच्या तुरुंगात रंगनाथ कंपाउंडरने जेवढी तोंडं आतून पाहिली, तेवढी शहरातल्या कुठल्याही दातांच्या डॉक्टरने पाहिली नसतील. हे खुद्द रंगनाथचंच मत होतं आणि ते कुणी विचारायची तो वाट पाहत नसे.

कारण साधं होतं. कैदी गोळी घेतो, वर पाणी पितो, साळसूदपणे मान हलवतो आणि बराकीत जाऊन जिभेखालची गोळी काढून ठेवतो. एखादा ती विकतो, एखादा साठवतो. साठवणाऱ्याची धास्ती जास्त. म्हणून रंगनाथची रीत ठरलेली. गोळी, पाणी आणि मग, "आ करा." जीभ वर, जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे. मनमाडच्या स्टेशनात ज्याचं नाव घ्यायला हमाल कचरत, असला गडीही त्याच्यापुढे चिमणीच्या पिल्लासारखा तोंड वासून उभा राहायचा.

ही खोड घरापर्यंत गेली. मखमलाबादला दिवाळीत जावयाला लाडू भरवला आणि रंगनाथ सवयीने म्हणाला, "आ करा जावईबापू." जावई बिचारा नवा, त्याने जीभसुद्धा वर केली. बायको कलाबाई पहाटे झेंडूच्या पाट्या घेऊन फुलबाजार गाठणारी बाई, तोंडाने खमकी. ती म्हणाली, "तुमचे कैदी एक दिवस सुटतील. आमचं काय?"

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात भिका आला. सुरगाण्याच्या डोंगरातला, नागली म्हणजे नाचणी पिकवणारा शेतकरी. भावकीच्या मारामारीत त्याच्या हातून चुलतभाऊ गेला होता आणि त्या दिवसापासून भिकाची वाचाही गेल्यासारखी झाली होती. ताट पुढे ठेवलं की तो भिंतीकडे तोंड फिरवी. बराकीतले म्हणत, नाटक करतो. शिपाई म्हणत, माज आहे. रंगनाथने आपलं हुकमी औषध काढलं, म्हणजे बोलणं. फ्लॉवरवरची कीड, शेजाऱ्याची विहीर, कलाबाईचा स्वभाव, सगळं त्याने भिकाला ऐकवलं. कलाबाईच्या स्वभावावर तर दगडही हुंकार देईल अशी त्याची खात्री होती. भिकाने दिला नाही.

दर गुरुवारी सिव्हिलमधून मनोविकाराच्या डॉक्टर येत. त्यांना सगळे संध्या मॅडम म्हणत. त्या भिकाजवळ स्टूल ओढून बसल्या, थोडं विचारलं, बराच वेळ गप्प राहिल्या. उठताना त्यांनी सांगितलं, हे नाटक नाही आणि माजही नाही. टायफॉइड हा जसा आजार, तसाच हा उदासीचा आजार. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

रंगनाथने एकही गोळी चुकू दिली नाही. महिन्याभराने भिका अर्धी भाकरी खाऊ लागला. बोलणं मात्र नाहीच. मग मॅडम म्हणाल्या, डोंगरातला माणूस आहे, त्याला आभाळाखाली काम द्या. तुरुंगाच्या दवाखान्यामागे बागेचा तुकडा होता. अधीक्षक साहेबांनी विचारलं, ज्याला जगण्यात रस नाही त्याच्या हातात खुरपं द्यायचं, तर जबाबदारी कुणाची?

मेव्हण्याची सोयरीक जुळवतानाही "मी मधे नाही" म्हणून सांगणारा रंगनाथ, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझी, साहेब." साहेबांनी बजावलं, काही वेडंवाकडं झालं तर याला मनोरुग्णालयात पाठवणार. ते लांबच्या जिल्ह्यात होतं. भिकाची बायको भागीबाई आधीच अर्धा डोंगर उतरून, दोन एसट्या बदलून भेटीला यायची आणि नवरा बोलत नाही म्हणून जाळीपलीकडे नुसती बसून राहायची. एवढ्या लांब तिला कोण नेणार? तिचं ते बसणंही तुटलं असतं.

भिका सांगितलेलं निमूट करायचा. रंगनाथ जातीचा माळी, त्याने झेंडूचे वाफे आखून दिले, कोपऱ्यातला एक मोकळा ठेवला आणि गोळ्यांच्या खिडकीतून दिवसभर सूचना केल्या. वाफ्यांनी ऐकल्या असतील.

मे महिन्यात एका दुपारी रंगनाथ कुणाची तरी जीभ डावीकडे करवत असताना दवाखान्यामागून धूर आला. तुरुंगात धुराचा अर्थ एकच घेतात. भोंगा वाजला, शिपाई धावले, बराकींना कुलपं पडली. रंगनाथ एका चपलेवर पळाला. समोर त्या मोकळ्या वाफ्यावर पाला, काटक्या, शेणखत यांचा चौकोनी थर होता, त्यावर मऊ मातीची पाखर होती आणि खालून ते सगळं धुमसत होतं. शेजारी फुटक्या कौलात स्वयंपाकघरातून आणलेला विस्तव. आणि भिका उकिडवा बसून, काठीने कडा सारख्या करत, निजलेल्या लेकराकडे बघावं तसा त्या जाळाकडे बघत होता.

वाफा म्हटला की त्यात पाणी सोडायचं, एवढंच रंगनाथच्या सात पिढ्यांना ठाऊक. तो ओरडला, "अरे, वाफा जाळतं का कुणी?"

भिकाला साहेबांपुढे उभं केलं. मनोरुग्णालयाचा कागद टाइपरायटरवर चढला. रंगनाथ काहीबाही बोलत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं बोलणं त्यालाच पटत नव्हतं. नशीब एवढंच की वार गुरुवार होता. संध्या मॅडम हातातल्या डब्यासकट आत आल्या. सगळे एकदम सांगू लागले. त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि भिकाला विचारलं, "काय करत होतास रे?"

"राब भाजला."

हा आवाज तिथे कुणी ऐकलाच नव्हता. खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा.

"आग नाय लावली बाई. नागलीचा राब हाय. भाजल्याबिगर रोप धरत नाय, गवत माजतं. पाऊस पडला का बी टाकू. मंग आवणी, रोप उपटून दुसरीकडं लावू. दिवाळी सरता सरता कापू. भागी बी आणंल, तिला सांगाय पाहिजे."

मॅडम हळूच वळल्या. "रंगनाथ, हा दिवाळीपर्यंतचं बोलतोय."

रंगनाथने मान हलवली. त्याला आणखी काही जमलं नाही, आणि ही तुरुंगाच्या इतिहासातली दुसरी नवलाची गोष्ट.

साहेबांनी टाइपरायटरमधला कागद स्वतः ओढून काढला. "विस्तव कुणी दिला?" त्यांनी विचारलं. स्वयंपाकघराचा हवालदार छताकडे बघू लागला. हुकूम झाला तो असा की, पुढच्या वर्षी राब भाजायचा तर आधी विचारायचं आणि शेजारी पाण्याच्या बादल्या ठेवायच्या. पुढच्या वर्षी. म्हणजे भिका इथेच राहणार होता.

पुढच्या भेटीला भागीबाई फडक्यात नागलीचं बी बांधून आली. त्या दिवशी जाळीशी नवरा बोलत होता आणि बायको रडत होती. शिपायाने वेळ संपल्याचं सांगायला अंमळ उशीर केला.

दिवाळीनंतर त्या तुकड्यातून भाकऱ्या झाल्या त्या मोजक्याच. पहिली मॅडमसाठी फडक्यात बांधून ठेवली, दुसरीचा चतकोर मिरचीच्या ठेच्यासह घेऊन भिका गोळ्यांच्या खिडकीशी आला. रंगनाथला नागली मुळीच आवडत नसे. घरी कलाबाईने वाढली तर तो ती काळी पोळी म्हणून नाकारायचा. त्याने घास घेतला आणि चावत राहिला. भिका हलेना.

"आ करा, रंगनाथभाऊ," भिका म्हणाला.

रांगेतले सगळे बघत होते. रंगनाथने आ केला. जीभ वर केली, डावीकडे केली, उजवीकडे केली.

"गिळली," भिकाने रांगेला सांगितलं.

रंगनाथ दोन हजार चारला निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात तो इतका बोलला की हार सुकले, पण स्वतःच्या नोकरीबद्दल त्याने एकच सांगितलं: भिकाने मला खोटं पाडलं नाही, त्याचे उपकार आहेत. भिका सुटून गेल्यावर भागीबाई दरवर्षी नागलीची पिशवी मखमलाबादला पोचवते. कलाबाई भाकरी थापते आणि नवऱ्याच्या ताटात वाढते. तो कुरकुर न करता खातो. तरीही ती खात्री करून घेतेच.